'समांतर' : संज्ञा, अंतर आणि प्रतल

काही संज्ञांची व्याख्या समीक्षेत कोणी मागत नाही, कारण त्या प्रत्येकाने शाळेतच शिकलेल्या असतात. 'समांतर' ही त्यांपैकी एक. समांतर रंगभूमी, समांतर सिनेमा, समांतर संमेलन, समांतर प्रवाह, समांतर रचना हे प्रयोग कधी एकाच लेखात शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे नाते सुचवितात. 'समांतर सिनेमा' म्हणताना व्यावसायिक चित्रपटाला पर्याय अभिप्रेत असतो. 'समांतर संमेलन' म्हणताना निषेध. 'दोन कादंबऱ्यांतील समांतर प्रसंग' म्हणताना साम्य. दलित, ग्रामीण आणि आदिवासी साहित्याचा उल्लेख 'समांतर प्रवाह' असा होतो, तेव्हा मात्र या तिन्हींपैकी काहीच नसते. तेथे असते ती केवळ जागेची वाटणी.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे. अडचण वेगळीच आहे. भूमितीत पहिली रेषा दुसरीला समांतर असेल, तर दुसरीही पहिलीला समांतर असतेच. हे नाते दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येते. साहित्यव्यवहारात मात्र अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हे दलित साहित्य संमेलनाला समांतर आहे, असे वाक्य कोणी लिहीत नाही. 'कोसला' ही बाबूराव बागुलांच्या कथेला समांतर अशी कृती आहे, असेही कोणी म्हणत नाही. संज्ञा सममितीचे आश्वासन देते आणि वापरात ते मोडते. हे आश्वासन कोठून येते आणि नेमके कोठे मोडते, हा येथील प्रश्न आहे.

यूक्लिडने समांतर रेषांची व्याख्या अंतरावरून केलेली नाही. एकाच प्रतलात असलेल्या आणि दोन्ही दिशांना कितीही वाढविल्या तरी एकमेकींना न मिळणाऱ्या रेषा, एवढेच तो सांगतो. ग्रीक शब्दाची घडणही तशीच आहे : 'एकमेकींच्या शेजारून'. त्यात मोजमाप नाही, परस्परता आहे. या रेषांमधील अंतर सर्वत्र सारखे असते, ही गोष्ट पाचवे गृहीतक मान्य केल्यावरच हाती येते, आणि ते गृहीतक सिद्ध करण्याच्या खटपटीत नसीरुद्दीन तुसीसारखे मोठे गणिती गुंतले होते. मराठी शब्द ही सगळी वाट चालतच नाही. सम आणि अंतर : तो थेट मोजणीपासून सुरुवात करतो. या मोजण्याला आपल्याकडे जुनी बैठक आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ज्या चौकोनाच्या दोन बाजू समांतर असतात त्याचा निर्देश 'समानलंब' असा होतो. आजच्या पाठ्यपुस्तकातला 'समलंब चौकोन' तोच. दोन बाजू एकमेकींना मिळतील की नाही, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. त्यांच्यामधला लंब सारखा आहे की नाही, हे पाहिले आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने जो मठ स्थापिला, त्याचा शिलालेख शके ११२८चा असून तो चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पाटणच्या मागे उभा असलेला डोंगर चढून गेले की कन्नड तालुका लागतो. (गावाचे नाव कन्नड; भाषेच्या नावाशी त्याचा येथे संबंध नाही, एवढे साहित्याच्या नियतकालिकात सांगून ठेवलेले बरे.) या डोंगरातून कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव त्याला मिळालेले आहे. १९४८ सालापर्यंत घाटाचा माथा निजामाच्या राज्यात होता आणि पायथा मुंबई इलाख्यात. राज्याची ही सीमा शब्दांचीही सीमा होती. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. विज्ञान आणि गणिताच्या उर्दू परिभाषेसाठी तेथे स्वतंत्र भाषांतरखाते चालविले गेले, आणि संस्थानातल्या वरच्या इयत्तांचे शिक्षणही उर्दूतच होते. त्या परिभाषेत समांतर रेषा म्हणजे 'मुतवाज़ी' रेषा. घाटाखालच्या मराठी भूमितीत त्याच रेषा 'समांतर' होत्या.

हे दोन शब्द एकमेकांची भाषांतरे नव्हेत. 'मुतवाज़ी' हा अरबी शब्द ज्या क्रियारूपातून बनतो ते रूप परस्परतेचे आहे : दोघांनी एकमेकांशी करावयाची क्रिया. म्हणजे ग्रीक शब्दात जे होते ते अरबीने आणि तिच्यामागोमाग उर्दूने जपले. संस्कृतात यूक्लिड आला तोही अरबीतूनच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जगन्नाथ सम्राटाने तुसीच्या अरबी संस्करणावरून 'रेखागणित' सिद्ध केले. एकाच ग्रंथाचे हे दोन वारस एका घाटाच्या दोन टोकांना नांदत होते आणि त्यांच्यात व्यवहार नव्हता. माथ्यावरच्या मुलाला रेषांचे नाते ऐकू येत होते, पायथ्याच्या मुलाला त्यांच्यातले अंतर. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर एक शब्द उरला आणि दुसरा मराठी शिकणाऱ्याच्या कानावरून गेला. त्याबरोबर परस्परतेचा धागाही मराठी समीक्षेच्या हाताबाहेर राहिला, असे म्हणण्यास जागा आहे. परिभाषेच्या इतिहासात अशा हानीची नोंद होत नाही, कारण उरलेला शब्द काम भागवीत असतो.

शिवाय मराठीत 'अंतर' हे केवळ मोजमाप राहत नाही. अंतर म्हणजे भेद. अंतर म्हणजे मन. आणि 'अंतर देणे' म्हणजे सोडून देणे, पाठ फिरविणे. 'लेकराला अंतर देऊ नका' असे म्हणणाऱ्या भाषेत 'समांतर' हा शब्द निखळ भौमितिक राहूच शकत नाही. त्यात एक शिष्टाचार शिरतो : दोघांनी आपापल्या जागी असावे, मधली जागा राखावी. मराठी अभ्यासकाला ही संज्ञा निरुपद्रवी वाटते, यामागे हा शिष्टाचार आहे. तिच्यात कोणाला खाली ढकलल्याचा भाव नाही, भांडण नाही. विषमतेचे वर्णन करण्यासाठी समतेचा उपसर्ग असलेला शब्द मिळाला की लिहिणाऱ्याची सोय होते.

'समांतर प्रवाह' या जोडशब्दात तर दोन प्रतिमा एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत. प्रवाहाचा धर्म मिळण्याचा, समांतर रेषेचा न मिळण्याचा. 'मुख्य प्रवाह' म्हणताना उपनद्या त्याला येऊन मिळतील अशी अपेक्षा असते. 'समांतर' म्हणताच ती अपेक्षा काढून घेतली जाते. कन्नडचाच भूगोल पाहिला तर पाण्याची आणखी एक गत दिसते. गावाजवळून वाहणारी शिवना दक्षिणेकडे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस गिरणेतून तापीत आणि तेथून अरबी समुद्रात जातो. हे दोन प्रवाह कधी मिळत नाहीत, पण त्यांना कोणी समांतर म्हणणार नाही. ते एका माथ्यावरून निघून एकमेकांपासून दूर जातात. साहित्याच्या इतिहासात अशी फारकत घडलेली असू शकते, आणि तिला 'समांतर' म्हटल्याने तिचा माथा, म्हणजे ती जेथून सुरू झाली ते ठिकाण, दृष्टीआड होते. ग्रंथकार सभेत सहभागी होण्यास जोतीराव फुल्यांनी १८८५ साली नकार दिला तो या माथ्यावरचा प्रसंग आहे. त्याला समांतर परंपरेचा आरंभ म्हणणे म्हणजे नकाराला शेजार समजणे होय.

येथे यूक्लिडच्या व्याख्येतली दुर्लक्षित अट कामी येते : एकाच प्रतलात. पुलावरून जाणारा रस्ता आणि त्याखालून आडवा जाणारा लोहमार्ग कधी मिळत नाहीत, तरी ते समांतर नसतात; त्यांची प्रतले वेगळी असतात. या अटीवर घासून पाहिल्यास 'समांतर' हे विशेषण कोठे शोभते आणि कोठे नाही, हे बऱ्याच अंशी ठरविता येते. १९८१ साली मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली जे समांतर साहित्य संमेलन भरले, ते साहित्यसंमेलनांतील सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ होते. तेथे लेखकवर्ग, वाचकवर्ग, वाङ्मयीन मूल्यांची भाषा ही सगळी तीच होती. मतभेद व्यवहाराचा होता, आणि अध्यक्षा मराठी कादंबरीच्या इतिहासातील मान्य नाव होत्या. प्रतल एक असल्याने शब्द अचूक बसला. १९५८ सालचे पहिले दलित साहित्य संमेलन आणि १९९९ साली धारावीत बागुलांच्या अध्यक्षतेखाली भरलेले पहिले विद्रोही साहित्य संमेलन यांनी मात्र आपल्या नावात 'समांतर' घेतले नाही. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'च्या नावातही दुसऱ्या कोणाचा संदर्भ नाही. दलित, विद्रोही, अस्मितादर्श ही नावे स्वतःच्या पायावर उभी आहेत. त्यांना 'समांतर' हे विशेषण बाहेरून लागले, आणि ते लावताना प्रतल एकच असल्याचे गृहीत धरले गेले. ज्या साहित्याचा मूळ दावाच प्रतल वेगळे आहे असा होता, त्याच्या दाव्याला उत्तर न देता तो मिटविण्याचा हा मार्ग ठरला.

हिंदीत हा शब्द काही काळ अगदी निराळ्या नात्याने वावरला, हे ध्यानात घेतले पाहिजे. सत्तरच्या दशकात कमलेश्वर यांनी 'सारिका'तून जी 'समांतर कहानी' मांडली, तिच्यात कथा ही सामान्य माणसाच्या जगण्याला समांतर असावी असे अभिप्रेत होते. तेथे साहित्याशेजारी दुसरे साहित्य नसून जीवन आहे. मराठीने 'समांतर' हा शब्द चित्रपट आणि रंगभूमी यांच्या चर्चेतून उचलला, हा अर्थ उचलला नाही. उचलला असता तर दलित कथेच्या संदर्भात तो अधिक उपयोगी पडला असता, अशी शंका घेता येते. मात्र जीवन आणि कथा यांत 'सम' अंतर राखले जाते हे गृहीतकही भाबडेच आहे.

शब्दाचा दुसरा टोकाचा वापर पाहायचा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाहावा. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, 'समांतर' हे नाम झाले आहे. जायकवाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या जलवाहिनीशेजारी नवी टाकण्याची जी योजना होती, तिला 'समांतर जलवाहिनी' म्हणत. बोलण्यात 'जलवाहिनी' गळाली आणि 'समांतर' उरले. महापालिकेने २०१६ साली त्या योजनेचा खाजगी कंपनीबरोबरचा करार रद्द केला, तरी शब्द बोलण्यात राहिला. 'समांतरचे काय झाले?' या प्रश्नात कशाला समांतर, हे कोणालाच सांगावे लागत नाही. नात्याचे एक टोक इतके स्वाभाविक मानले गेले आहे की ते उच्चारातून निघून गेले, आणि जी वाहिनी प्रत्यक्ष पाणी देत होती तिला विशेषणच मिळाले नाही. साहित्याच्या चर्चेतही असेच घडते. विशेषण ज्याला लागते तो दिसतो. ज्याच्या मापाने लागते तो मोजपट्टी होऊन अदृश्य राहतो.

ही मोजपट्टी दृश्य करण्याची साधने भारतीय काव्यशास्त्रात आहेत, आणि मराठी समीक्षेने ती परीक्षेच्या टिपणांत टाकून दिली आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. पाश्चात्त्य परंपरेत रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली हिब्रू काव्याच्या चर्चेत आणि रोमान याकबसन यांनी १९६६ सालच्या निबंधात रशियन लोककाव्याच्या संदर्भात समांतर रचनेचा विचार केला, तो मुख्यतः दोन ओळींच्या घडणीचा आहे. मम्मटाच्या परंपरेतील अलंकारविवेचन आणखी एक प्रश्न विचारते : या दोहोंपैकी प्रकृत कोण? एकाच धर्माने अनेक पदार्थ जोडले गेले आणि ते सगळेच प्रकृत किंवा सगळेच अप्रकृत असले, तर ती तुल्ययोगिता. त्यांतला एक प्रकृत आणि दुसरा अप्रकृत असला, तर ते दीपक. उंबऱ्यावरचा दिवा जसा आत-बाहेर दोन्हीकडे उजेड टाकतो तसे. वाक्याची बाह्य घडण दोन्हीकडे सारखी असू शकते. फरक पडतो तो वर्ण्य विषय कोणता आणि त्याच्या सोबतीला कोण आणले आहे, यावरून. दोन वस्तू आळीपाळीने एकमेकींचे उपमान झाल्या तर ती उपमेयोपमा. तीत तिसऱ्या मापाला वाव राहत नाही.

या कसोटीने पाहता मराठीतला 'समांतर प्रवाह' हा तुल्ययोगितेचा आभास निर्माण करणारे दीपक आहे. दोघे सारखेच प्रस्तुत आहेत असे भासते. वस्तुतः एक प्रस्तुत असतो आणि दुसरा त्याच्या उजेडात दिसतो. दीपकात वावगे काहीच नाही. कोणताही अभ्यास कोणत्या तरी एका कृतीला प्रकृत मानूनच सुरू होतो. वावगे आहे ते प्रकृत कोण हे न सांगणे, आणि ते कधीच न बदलणे.

बदलून पाहिले तर काय होते, याचे उदाहरण १९६३ या वर्षाने देऊन ठेवले आहे. त्या एका वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. दोन्ही त्या त्या लेखकाची पहिली पुस्तके, दोन्ही तरुणाच्या प्रथमपुरुषी आवाजामुळे गाजलेली. (संग्रहाच्या बाबतीत हे त्याच्या शीर्षककथेपुरते म्हणता येईल.) वाङ्मयेतिहासात ती वेगवेगळ्या प्रकरणांत बसतात : एक कादंबरीच्या वळणाच्या प्रकरणात, दुसरे दलित साहित्याच्या. दोन रेषा समांतर आहेत की नाहीत हे भूमितीत छेदिका काढून ठरवितात. छेदिकेशी होणारे संगत कोन समान भरले तर रेषा समांतर. येथे छेदिका म्हणून परगावातली राहण्याची जागा घेता येईल, कारण दोन्ही कथनांचा मोठा भाग तेथेच घडतो.

पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहतो ते वडिलांच्या पैशावर. तो पैसा उधळणे, मेसच्या कारभारात नुकसान करून घेणे, नापास होणे आणि अखेरीस सांगवीला परतणे ही त्याच्या पराभवाची गोष्ट आहे. परंतु खोली त्याला मिळेल की नाही हा प्रश्न कादंबरीत उद्भवत नाही. बागुलांचा नायक रेल्वेतील नोकरीसाठी उधन्याला जातो आणि तेथे त्याच्यापुढे पहिला प्रश्न हाच येतो. रामचरणच्या घरी त्याला जागा मिळते ती जात लपवून. तेथे त्याला केवळ आसरा मिळत नाही. कवी म्हणून मान आणि माया मिळते. म्हणून त्याची चोरी दुहेरी होते : जागेची आणि जिव्हाळ्याची. जात उघड होते तेव्हा त्याला मारहाण होते आणि काशिनाथ, ज्याने स्वतःची जात कधी लपविली नाही, तो त्याला सोडवितो.

आता 'कोसला'ला प्रकृत धरले तर बागुलांची कथा तिच्या शेजारी सामाजिक दुःखाचे कथन म्हणून उभी राहते : अस्तित्वाचा प्रश्न इकडे, जातीचा तिकडे. आजवरची मांडणी बहुधा हीच आहे, आणि 'समांतर' हा शब्द तिच्यावर सहज बसतो. बागुलांच्या कथेला प्रकृत धरले की चित्र हलते. 'कोसला'चा निवेदक आपले नाव आणि वय सांगून बोलू लागतो. वाचकाला हा एक मिस्किल, बेपर्वा आरंभ वाटतो. पुढे सगळ्या गोष्टींवरचा त्याचा विश्वास उडतो, पण नावावरचा उडत नाही. बागुलांच्या नायकाला नेमके हेच वाक्य उच्चारता येत नाही. नाव सांगणे हे एका कथनात काहीही न मोजता मिळालेले भांडवल आहे आणि दुसऱ्यात चोरीचा माल. बागुलांच्या बाजूने पाहिल्याशिवाय सांगवीकरच्या पहिल्या वाक्यातले हे भांडवल दिसतच नाही, आणि ते दिसल्यावर त्याच्या निरर्थकतेच्या जाणिवेला एक सामाजिक पत्ता मिळतो. घरी परतण्याची वाट मोकळी असणे हाही त्याच पत्त्याचा भाग ठरतो.

संगत कोन समान भरत नाहीत. तेव्हा या रेषा समांतर नाहीत. त्या एका प्रतलात आहेत असे धरले तर त्यांना कोठेतरी मिळावेच लागेल, आणि ते ठिकाण निवेदकाच्या नावाचे आहे. त्या वेगळ्या प्रतलांत आहेत असे धरले, तर 'समांतर' हा शब्द मुळातच लावता येत नाही आणि त्या प्रतलांच्या वेगळेपणाचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावा लागेल. दोन्ही पर्याय अभ्यासकाला काही काम सांगतात. १९६३च्या या दोन पुस्तकांना एकाच प्रश्नपत्रिकेत आणून, बागुलांची कथा प्रथम आणि 'कोसला' नंतर वाचावयास देणे, हे त्यांतले सर्वांत सोपे काम आहे, आणि त्याला कोणत्याही नव्या परिभाषेची गरज नाही.